पावसाळ्यात फोडून ठेवलेली पिठं, मिक्स आणि मुलांना येणारी तीव्र ॲलर्जी

रेवा_बदलापूर
धागा मोठा होईल, पण ज्यांच्या घरात दमा, सततची सर्दी, सकाळच्या शिंका असलेली मुलं आहेत त्यांनी तरी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझा मुलगा आठ वर्षांचा. डस्ट माइटची, म्हणजे घरातल्या धुळीत, गाद्याउशांत राहणाऱ्या अगदी बारीक जीवांची ॲलर्जी आहे हे आधीपासून माहीत होतं, पावसाळ्यात इन्हेलर लागतो. खाण्याचं मात्र काहीच पथ्य नाही, पोळी, पाव, बिस्किटं, नूडल्स सगळं खातो. जुलैमधे एका रविवारी पॅनकेक केले. मिक्सचं पाकीट मे महिन्याच्या सुट्टीत फोडलेलं, तोंडाला रबर लावून ओट्यावरच्या कपाटात होतं, तारीख संपायला बराच अवकाश, अळी नाही, जाळी नाही. खाऊन अर्धा तासही झाला नसेल, "आई घशात कसंतरी होतंय" म्हणाला, मग ओठ टम्म सुजले, डोळे सुजले, पोटावर पाठीवर पित्ताच्या गांधी, खोकला थांबेना आणि उलटी. छातीतून शिट्टीसारखा आवाज. इन्हेलरने फार फरक पडला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटलमधे नेलं, त्यांनी बघताक्षणी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि माझ्या डोळ्यासमोर त्याचा श्वास मोकळा होत गेला. रात्रभर ठेवून घेतलं.

डिस्चार्जच्या कागदावर "गव्हाची ॲलर्जी?" असं लिहिलेलं. पण हा रोज डब्यात पोळी नेतो! आणि धाकटीने त्याच तव्यावरचे तेच पॅनकेक खाल्ले, तिला काही म्हणजे काही झालं नाही. मग मुंबईला एका ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांचा पहिला प्रश्न होता की ते पाकीट अजून घरात आहे का. होतं. त्यातलं चिमूटभर पीठ त्यांनी मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि मला बघायला बोलावलं. पांढुरके, काचेसारखे पारदर्शक, अंगावर लांब केस, आठ पायांचे जीव पिठाच्या कणांमधून सावकाश चालत होते, एक दोन नाही, जिथे स्लाइड सरकवावी तिथे. मग हातावर स्किन प्रिक टेस्ट केली, म्हणजे कातडीवर थेंब ठेवून हलकंसं टोचून बघायचं. गहू निगेटिव्ह, त्याच मिक्सच्या नव्या पाकिटातलं पीठ निगेटिव्ह, आणि आमच्या पाकिटातल्या पिठाच्या जागी पंधरा मिनिटात ही मोठी गांध.

म्हणजे गहू नाही, पिठात वाढलेले माइट्स. असं काही असतं हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं, म्हणून हा धागा. अजून कोणाला अनुभव आहे का? पिठं कशी ठेवता?

मनवा
बापरे. वाचून काटा आला अंगावर. आता कसा आहे तो?

रेवा_बदलापूर
आता छान आहे गं. पोळीभाजी व्यवस्थित सुरू आहे.

मुलांचा_डॉक्टर
रेवाताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला प्रॅक्टिस करतो. या प्रकाराला डॉक्टर लोक ओरल माइट ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे माइट्स पोटात गेल्याने येणारी जिवावर बेतणारी ॲलर्जी, पॅनकेक सिंड्रोम असंही नाव आहे, कारण बऱ्याच केसेस पॅनकेक खाल्ल्यावरच्या. १९९३ मधे अमेरिकेतून पहिली केस छापून आली, बेन्ये नावाचा मैद्याचा तळलेला गोड पदार्थ खाऊन झालेली, आणि त्या पिठात घरातल्या धुळीतलाच डस्ट माइट सापडला होता. नंतर व्हेनेझुएलात कराकसला डॉ. मारिओ सांचेझ बोर्हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच पेशंट जमवून यावर सविस्तर काम केलं, पॅनकेक सिंड्रोम हे नावही त्यांच्याच २००९ च्या लेखामुळे पसरलं. उष्ण आणि दमट हवेच्या देशांतून जास्त केसेस येतात आणि आपली किनारपट्टी पावसाळ्यात त्यातच मोडते.

हे कोणाला होतं ते नीट समजून घ्या म्हणजे उगाच घबराट होणार नाही. ज्याच्या शरीरात माइट्सविरुद्ध ॲलर्जीची अँटिबॉडी आधीच तयार आहे त्यालाच होतं, म्हणजे मुख्यतः दमा, ॲलर्जिक सर्दी, एक्झिमावाली मुलं आणि मोठी माणसं. बाकीच्यांनी तेच पीठ खाल्लं तर सहसा काही होत नाही, म्हणून तुमची धाकटी ठणठणीत राहिली. आणि दोनचार माइट्सनी होत नाही, पीठ त्यांनी चांगलंच बुजबुजलेलं लागतं, एका ग्रॅममधे शेकडो, काही केसेसमधे हजारो. पण डोळ्याला ते साध्या पिठासारखंच दिसतं, गोम तिथेच आहे.

दुसरं म्हणजे तव्यावर चांगलं भाजलं तरी उपयोग नाही. भाजल्यावर माइट्स मरतात, पण त्यांच्या अंगातली आणि विष्ठेतली काही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत आणि ॲलर्जी त्या प्रथिनांची असते.

लक्षणं बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटं ते दोनेक तासात सुरू होतात, क्वचित चार तासही लागतात. एकदा पोळी खाऊन काही नाही, एकदा घावन खाऊन ॲडमिट, मग परत महिनोन्महिने काही नाही, असा ताळमेळ न लागणारा इतिहास असेल तर पिठाकडे बघायला हवं. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल एरवी पोळी निर्धास्त खाऊच शकत नाही. अर्थात मैद्याचं खाऊन लगेच पळापळ केली तरच होणारी गव्हाची एक वेगळी ॲलर्जी असते, पिठात अंडं दूध असेल तर त्याचीही शक्यता बघावी लागते, त्यामुळे स्वतःच निदान करून मोकळं होऊ नका, टेस्ट करा.

श्रीधर७१
डॉक्टर, ॲस्पिरिनचा काही संबंध असतो का? माझ्या पुतण्याला लहानपणापासून आयब्युप्रोफेन चालत नाही, डोळे सुजतात. त्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर असंच झालं होतं, डोसा मिक्समधे मैदा घालून कायतरी केलं होतं पोरांनी. तिथल्या कॅज्युअल्टीमधे नुसतं अँटीहिस्टामिनचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि रात्री परत श्वास कोंडला, परत पळवावं लागलं.

मुलांचा_डॉक्टर
संबंध असतो. व्हेनेझुएलाच्या पेशंटमधे हे ठळकपणे दिसलं, बऱ्याच जणांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्यांनी चेहरा सुजायचा. त्यामुळे माइटची ॲलर्जी आणि या गोळ्याही चालत नाहीत असं दोन्ही असेल तर जास्त जपायचं, आणि तापाला आयब्युप्रोफेनचं सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका. खाऊन लगेच पळण्याखेळण्याने रिॲक्शन सुरू झाल्याच्याही केसेस आहेत.

रात्री परत झालं ते ओळखीचं आहे, पहिली रिॲक्शन ओसरल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. म्हणून हॉस्पिटलमधे थांबवून घेतलं तर "आता बरा दिसतोय, चला घरी" असा आग्रह धरू नका.

आणि एक गोष्ट मी पालकांना परत परत सांगतो. अशा रिॲक्शनमधे पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अँटीहिस्टामिनने गांधी आणि खाज कमी होते, बंद होत चाललेला श्वासमार्ग आणि पडणारं ब्लड प्रेशर त्याने सावरत नाही. स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. अंगावर गांधी आणि जोडीला श्वासाला त्रास किंवा मूल गळून जाणं किंवा सारख्या उलट्या, असं दिसलं की वाट बघायची नाही. मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे वर, धाप लागली असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, उचलून न्या, एकदम उभं केल्यावर प्रेशर कोसळू शकतं.

ओसाका_डायरी
जपानमधे हे बऱ्यापैकी माहीत आहे म्हणून लिहिते. इथे ओकोनोमियाकी करतात, आपल्या धिरड्यासारखं पण भरपूर कोबी घातलेलं, आणि ताकोयाकी, ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गोल गोळे. दोन्हीची तयार मिक्स घराघरात असतात आणि इथल्या बऱ्याचशा केसेस याच मिक्समधल्या आहेत. पाकीट फोडून अर्धं वापरलं, उरलेलं कपाटात कित्येक महिने, आणि मग एक दिवस काढून केलं. मिक्समधे माशाचा अर्क, यीस्ट, मसाले असं चविष्ट असतं ना, ते माइट्सना साध्या मैद्यापेक्षा जास्त मानवतं. म्हणून फोडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रिजमधे ठेवा आणि लवकर संपवा असं इथे सांगतात. मुलाच्या शाळेतल्या एका आईनेच मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हापासून आमच्या फ्रिजचा एक कप्पा पिठांचाच आहे.

आबा_चिपळूण
सगळं वाचलं. माझं वय सत्तरीच्या पुढे. आमच्या लहानपणी कोकणात चार महिने सूर्य दिसत नसे, घरात सगळंच दमट, पण असं काही झालेलं ऐकलं नाही. तेव्हा नव्हतं आणि आता कुठून आलं? मी वाद घालत नाहीये, खरंच विचारतोय, माझ्या नातीला दमा आहे.

मुलांचा_डॉक्टर
आबा, प्रश्न अगदी योग्य आहे. झालंच नसेल असं म्हणता येत नाही, झालं तरी कशाने झालं ते तेव्हा कळायला मार्ग नव्हता. पण राहणीत फरकही पडलाय. तुमच्याकडे तेव्हा पीठ किती दिवसांचं असायचं?

आबा_चिपळूण
पीठ साठवायचं नाहीच. धान्य वैशाखात अंगणात घालून खणखणीत वाळवायचं, तांदूळ कणगीत, बाकीचं पत्र्याच्या डब्यात. जात्यावर लागेल तसं दळायचं, पुढे गिरणी आली तरी आठवड्याचं पीठ, फार तर दहा दिवसांचं. मैदा तर सणासुदीला.

साठवण_शास्त्र
आबांच्या उत्तरातच सगळं आहे. मी कृषी कीटकशास्त्र शिकलोय, साठवणुकीतल्या किडींवर काम केलंय, म्हणून थोडं लिहितो.

माइट्स म्हणजे सोंडे किंवा पोरकिडे नव्हेत. ते किडे आहेत, डोळ्याला दिसतात, चाळले की वर राहतात. माइट कोळ्याच्या कुळातला, लांबी साधारण अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून कमी, घरच्या चाळणीतून पिठाबरोबर आरामात खाली जातो. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. त्यामुळे हवा कोरडी असली की सुकून मरतो आणि दमट असली की भराभर वाढतो. २५ ते ३० अंश तापमान आणि सत्तरऐंशी टक्के आर्द्रता ही त्याची सगळ्यात आवडती हवा, आणि जुलै ऑगस्टमधे मुंबई कोकण गोव्यात हीच हवा रात्रंदिवस असते. अख्ख्या, वाळलेल्या दाण्याला टरफल असतं, आतला भाग त्याला सहजी मिळत नाही. पीठ म्हणजे आयतं वाढलेलं ताट. म्हणून अख्खं धान्य वाळवून साठवायचं आणि पीठ थोडं थोडं दळून आणायचं ही जुनी पद्धत या बाबतीत फार पक्की होती.

पिठात दोन जातकुळीचे सापडतात, गाद्याउशांमधले डस्ट माइट आणि मूळचेच साठवणीतले, टायरोफॅगस, ब्लोमिया, सुइडेशिया वगैरे. त्यातला ब्लोमिया उष्ण कटिबंधातल्या घरांच्या धुळीतही भरपूर असतो. रबर लावलेली पिशवी, झाकण सैल झालेला डबा यातून ते सहज आत जातात.

पिठाचा संशय आला तर एक साधी गोष्ट करता येते. काळ्या कागदावर चमचाभर पीठ घेऊन सुरीच्या पात्याने वरून अगदी सपाट करा आणि वारा लागणार नाही असं पंधरा वीस मिनिटं ठेवा. माइट्स खूप असतील तर सपाट केलेला पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक चिरा पडतात, भिंगातून हालचाल दिसते. काही वेळा पिठाला गोडसर, पुदिन्यासारखा वास येतो, डब्याच्या कडेला तपकिरी भुकटी दिसते. मात्र यात काही दिसलं नाही म्हणून पीठ स्वच्छ असं समजू नका, मेलेले माइट्स हलत नाहीत आणि ॲलर्जी मेलेल्यांचीही येते.

सुगरण_सातारा
आमचा बचत गट थालीपीठ भाजणी, उपवासाची भाजणी, नाचणीचं सत्त्व करून विकतो, मुंबईला बरीच जाते. हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. भाजणी तर भाजूनच दळलेली असते, तिला पण होऊ शकतं का हो? आणि आम्ही पाकिटावर काय लिहावं?

साठवण_शास्त्र
ताई, भाजल्यामुळे ओलावा निघून जातो, सुरुवातीचे जीव मरतात, हे चांगलंच आहे. पण पाकीट फोडल्यावर भाजणी हवेतला ओलावा परत ओढून घेते, त्यामुळे नंतर ती बाकी पिठांसारखीच. तुमच्याकडून करता येण्यासारखं म्हणजे भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावर दळा, दळलेलं पीठही गार झाल्यावरच भरा, गरम भरलं तर आत वाफ धरते. गिरणीच्या पाट्यांच्या खाचा, पिशव्या, भरायची जागा रोज कोरडी झाडून घ्या, जुनं पीठ कोपऱ्यात राहू देऊ नका. पाकीट जाड आणि सील केलेलं. एक किलोऐवजी पाव किलो, अर्धा किलोची पाकिटं केलीत तर गिऱ्हाईकाचं लवकर संपतं. आणि "फोडल्यावर घट्ट बंद डब्यात फ्रिजमधे ठेवा" एवढं ठळक लिहा. नुसतं थंड कोरड्या जागी असं छापून पावसाळ्यात काही होत नाही, मुंबईच्या कुठल्या घरात जुलैमधे कोरडी जागा असते?

सुगरण_सातारा
हे लगेच करू. पाव किलोची पाकिटं गिऱ्हाईक मागतंच होतं.

मनवा
आमच्याकडे डब्यात कडुनिंबाचा पाला आणि तमालपत्र घालतात. सासूबाई गव्हात पाऱ्याच्या गोळ्या पण घालायच्या.

साठवण_शास्त्र
पाला धान्यातल्या सोंड्यांना थोडाफार रोखतो. पिठातल्या माइट्ससाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. पाऱ्याच्या गोळ्या लहान मुलांच्या घरात नकोतच, पारा विषारी आहे.

ओसाका_डायरी
आणि गादीकडे पण लक्ष द्या सगळ्यांनी. माइटची ॲलर्जी जिथून सुरू होते ती जागा तीच असते ना.

मुलांचा_डॉक्टर
बरोबर. उशा गाद्यांना माइटची कव्हरं, चादरी आठवड्याला गरम पाण्यात, हे चालू ठेवाच.

प्राजक्त
माझी मुलगी पाच वर्षांची, दमा आहे, माइट पॉझिटिव्ह. हे वाचून घरातला मैदा, रवा, बेसन सगळं टाकून दिलं आणि तिचं गव्हाचं पण बंद करायचा विचार करतेय. नवरा म्हणतो अति करतेस.

मुलांचा_डॉक्टर
गहू बंद करू नका, अजिबात नको. तिला गव्हाने काहीच त्रास झालेला नाही. वाढत्या वयात पोळी काढून घेतली तर पोषणाचं नुकसान नक्की होतं. माइट पॉझिटिव्ह असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी अशी रिॲक्शन येत नाही, हा प्रकार दुर्मिळ आहे, पण झाला तर जिवावर बेततो आणि टाळायला सोपा आहे, एवढ्यासाठी बोलायचं. ताजं दळलेलं पीठ, थोडं थोडं. मैदा, मिक्स, कस्टर्ड, कॉर्नफ्लोअर, केक प्रीमिक्स यांसारखं कधीतरी लागणारं सगळं फोडलं की फ्रिजमधे. कित्येक महिने उघडं राहिलेलं पाकीट सापडलं तर त्याचं मुलीला काही करून देऊ नका. तेवढं पुरे.

रेवा_बदलापूर
प्राजक्त, मी पण त्या डिस्चार्जच्या कागदानंतर काही दिवस याची पोळी बंद केली होती, डब्यात रोज तांदळाची भाकरी. त्याचं तोंड बघवत नव्हतं. टेस्ट झाल्यावर डॉक्टरांनी समोर बसवून पोळी खायला लावली, तेव्हा कुठे माझी भीती गेली. तू पण तिच्या डॉक्टरांशी बोलून घे, मनावर ओझं घेऊन बसू नकोस.

आणि सगळ्यांना एक सांगते, असं काही झालं तर उरलेला पदार्थ आणि पाकीट दोन्ही झिप पिशवीत घालून फ्रीझरमधे ठेवा, टाकू नका. आमचं निदान त्या पाकिटामुळे झालं.

श्रीधर७१
पुतण्याच्या वेळी हॉस्टेलवर सगळं फेकून दिलं होतं, त्यामुळे आजपर्यंत कळलेलं नाही कशाने झालं. आता माइट्सची टेस्ट करून घ्यायला सांगतो त्याला.

आबा_चिपळूण
गणपतीला नात येणार आहे. घरापासून मोठं हॉस्पिटल तासाभराच्या पुढे, मधे घाट. काय तयारी ठेवू? परदेशात म्हणे इंजेक्शनचं पेन मिळतं.

मुलांचा_डॉक्टर
पेन आपल्याकडे सगळीकडे सहज मिळत नाही आणि महागही पडतं. साधी ॲड्रेनलिनची ॲम्प्युल, म्हणजे काचेची छोटी कुपी, स्वस्त असते, एका मिलीमधे एक मिलीग्रॅम. प्रमाण किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिली, पण आकडा तुम्ही ठरवायचा नाही, नातीच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे कागदावर लिहून घ्या आणि एक मिलीची सिरिंज कशी भरायची, कुठे टोचायची हे तिच्या आईवडिलांनी त्यांच्यासमोर करून बघायचं. तिला आधी अशी रिॲक्शन आलेली नसेल तर हे जवळ ठेवायची गरज आहे का ते तेच ठरवतील. तुमच्या बाजूने, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री कोण असतं ते आधी जाऊन विचारून ठेवा, ॲड्रेनलिन तिथे सहसा असतं. १०८ ला फोन केला तरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत केंद्राच्या दिशेने निघता येईल का हेही ठरवून ठेवा. आणि मोदकाची पिठी, घावनाचं पीठ ती यायच्या आदल्या आठवड्यातच दळून घ्या.

आबा_चिपळूण
पिठी घरच्या तांदळाचीच असते, चतुर्थीच्या दोन दिवस आधी दळू. केंद्रावर उद्याच जाऊन येतो.

मनवा
एक शंका राहिलीच. फ्रिजमधून काढलेल्या पिठाला बाहेर पाणी सुटतं, मग उलट जास्त ओलं नाही का होणार?

साठवण_शास्त्र
डबा बाहेर तसाच ठेवला आणि गार असताना उघडत राहिलात तर होतं. हवं तेवढं पीठ पटकन काढून घ्या, झाकण लावून डबा लगेच आत. मोठ्या डब्यापेक्षा दोन छोटे करा, एक वापरातला, दुसरा न उघडलेला. आणि चमचा कोरडा.